गोळी आहे की घेतली आहे?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी इंग्रजीवर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरी सगळे हसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले २००० साली, तेव्हा माझ्या कडेवर मूल होते. त्या तीन वर्षांच्या शिदोरीतले 'हॅव' आणि 'हॅज' म्हणजे 'जवळ असणे', एवढेच माझ्या गाठीला उरले होते.

त्या एवढ्याशा ज्ञानाने दोन वर्षांपूर्वी मला फसवले. मामंजी दवाखान्यात होते. त्यांची सुरुवातीची शाळा निजामाच्या अमदानीतली, उर्दूतली. इंग्रजीचा गंध नाही. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, त्या परप्रांतातल्या. मला विचारले, "हॅज ही टेकन द टॅब्लेट?" मला ऐकू आले 'हॅज' आणि 'टॅब्लेट'. म्हणजे गोळी आहे का? पाकीट तर उशाशीच होते. मी ठसक्यात म्हटले, "येस, येस!" त्यांनी कागदावर खूण केली आणि गेल्या. रक्तदाबाची ती गोळी दुपारपर्यंत पाकिटातच राहिली. दुपारी मामंजींचे डोके जड झाले, दाब मोजला तर चढलेला, तेव्हा उलगडा झाला. गोळी दिल्यावर संध्याकाळी दाब उतरला. पण माझा जीव त्या रात्री थाऱ्यावर नव्हता. घरी महिनाभर मी हे कोणाला सांगितले नाही.

मग एक दिवस मुलीला धरून बसवले. ती म्हणाली, 'टेकन' म्हणजे घेतलेले, 'हॅज टेकन' म्हणजे घेतलेली आहे. अगं, मग हे आपलेच की! पोळ्या केल्या आहेत, म्हणजे केलेल्या पोळ्या आत्ता डब्यात आहेत, पानावर या. काम मागे झाले, पण बोलणे आत्ताचे. याला पूर्ण वर्तमानकाळ का म्हणतात ते मला इतक्या वर्षांनी कळले.

न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवले तेव्हा घरातल्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. १९१० साली छापलेल्या त्यांच्या आठवणींत ते आहे. मला बोलणारे कोणी नव्हते, हसणारी मुलगी तेवढी होती.

पण बायांनो, सगळेच आपल्यासारखे नाही. आपण म्हणतो, "मी कालच बिल भरले आहे." मराठीत हे चालते. इंग्रजीत 'काल' आला की 'हॅव' पळाले; 'आय पेड यस्टरडे' एवढेच म्हणायचे. उलट, "मी वीस वर्षांपासून औरंगपुऱ्यात राहते" हा आपला साधा वर्तमानकाळ, तर तिकडे 'आय हॅव लिव्ड' हवे. वर्षे मोजली तर 'फॉर', लग्नाचे साल सांगितले तर 'सिन्स'. आपले एक 'पासून' दोन्हीकडे पुरते. आणखी एक. भात केला आहे, पोळी केली आहे, पोळ्या केल्या आहेत असे आपले क्रियापद पदार्थाच्या मागे जाते. इंग्रजीत ते करणारीच्या मागे जाते. मी केल्या तर 'हॅव', जाऊबाईंनी केल्या तर 'हॅज', मग पोळी एक असो की पन्नास. हे मला आवडले. करणारीकडे कोणी पाहते तरी!

'गॉन' आणि 'बीन' यांनी मात्र फजिती केली. पाहुण्यांना मी सांगितले, "ही हॅज गॉन टू वेरूळ." याचा अर्थ यजमान अजून वेरूळलाच आहेत, आणि ते तर समोर चहा पीत बसलेले. जाऊन आले असतील तर 'हॅज बीन' म्हणावे.

आता रोज सकाळी मी मामंजींना मराठीतच विचारते, "गोळी घेतली का?" ते म्हणतात, "घेतली आहे." तरी मी पाकीट उघडून गोळ्या मोजतेच.