चाक आणि चोपडी
(झरी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आरंभीच माझी एक चूक सांगतो. माझ्या पुतण्याच्या हाती १५ व्या वर्षी मोटारसायकलची किल्ली मीच दिली. परभणीच्या रस्त्यावर तो पडला. आजही तो लंगडत चालतो. त्याला व्याकरण मी शिकविले, रस्त्याचा नियम मात्र शिकविला नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने वाहन चालविल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. चाक १८ व्या वर्षी हाती यावे. खुणा, अंतर व वेग यांचे ज्ञान मात्र हायस्कुलातच व्हावे.

व्यवसायाचेही तसेच. आपली मुले कर्जाने टेम्पो घेतात, उत्तम चालवितात. परंतु डिझेल वजा जाता उरेल तो सर्व नफा समजतात. हप्ता, विमा आणि घसारा चोपडीत मांडीत नाहीत. टेम्पो जुना होतो, तेव्हा नव्यासाठी गाठीशी काही नसते. घसारा अकरावीच्या पुस्तपालनात शिकवितात. दहावीनंतर शाळा सोडणाऱ्यास तो कोण शिकविणार?

म्हणून मंडळाने नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी दर रविवारी दोन तास चालवावेत, एक रस्त्याचा व एक हिशेबाचा. हिशेब मी शिकवीन. रस्त्याच्या पहिल्या तासाला माझा पुतण्या स्वतः उभा राहणार आहे. आपण मुले पाठवावीत, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.