डफ आणि तबकडी

संगमनेरचा शाहीर अनंत फंदी याचें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत आजहि ओळखीचें आहे. पण तें बहुधा एका उपदेशपर फटक्याचा कर्ता म्हणून. मुलांना नीतिपाठ देणारा हा कवि आपल्या उमेदीच्या काळांत हातीं डफ घेऊन तमाशाच्या फडांत उभा राहत असे, हें सांगितलें म्हणजे ऐकणारा किंचित् चकित होतो. त्याच घरांत एखादा कॉलेजांत जाणारा मुलगा कानाला यंत्र लावून 'रॅप' ऐकत बसलेला असतो, आणि वडील माणसें विचारतात, "हें गाणें म्हणावें कीं भांडण?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. फंदीच्या फडाविषयींहि सभ्य समाजाच्या मनांत असाच प्रश्न होता. म्हणून हिपहॉप या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कलासंप्रदायाचा उगम आणि त्याचीं मुख्य अंगें समजून घ्यावयाचीं असतील, तर प्रवरेच्या कांठचा तो फड दृष्टीसमोर ठेवणें गैर होणार नाहीं.

प्रथम उगमाकडे वळावें. ब्राँक्स हा न्यूयॉर्क शहराचा उत्तरेकडील भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या पोटांतून एक प्रचंड मोटाररस्ता काढण्यांत आला. काम १९४८ सालीं सुरू झालें, आणि हजारों कुटुंबांचे संसार त्यापायीं उठले. ज्यांना शक्य होतें ते उपनगरांकडे निघून गेले. मागें राहिलीं तीं बव्हंशीं गरीब कृष्णवर्णीय, पोर्टोरिकन आणि कॅरिबियन बेटांतून आलेलीं कुटुंबें. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कारखाने बंद पडले, मालकांनीं घरांची डागडुजी सोडली, आणि इमारतींना वारंवार आगी लागूं लागल्या. त्यांतील कांहीं विम्याच्या पैशासाठीं मुद्दाम लावलेल्या होत्या. तरुण पोरांनीं टोळ्या केल्या होत्या. एका टोळीच्या शांतिदूताचाच खून झाल्यावर, सूडाचा वणवा पेटण्याऐवजीं, ८ डिसेंबर १९७१ रोजीं या टोळ्यांचे नायक एकत्र बसले आणि त्यांनीं आपसांत तह केला. पुढें जें घडलें त्याची जमीन या तहानें तयार केली. कारण एका मोहल्ल्यांतील मुलांना दुसऱ्या मोहल्ल्यांतील मेळाव्यास जाणें त्यानंतर थोडें सुकर झालें.

११ ऑगस्ट १९७३ हा दिवस या कलेचा जन्मदिवस मानतात. सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत सिंडी कॅम्बेल नांवाच्या मुलीनें, शाळा सुरू होण्यापूर्वीं नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून, इमारतीच्या सामाईक खोलींत नाचगाण्याचा बेत केला. प्रवेशाचें मूल्य मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास. तबकड्या वाजविण्याचें काम तिनें आपला भाऊ क्लाइव्ह याजकडे सोंपविलें. हा अठरा वर्षांचा मुलगा जमैका बेटांतील किंग्स्टन येथें जन्मलेला. पुढें तो 'कूल हर्क' या नांवानें प्रसिद्ध झाला.

हर्कचें निरीक्षण साधें पण मार्मिक होतें. गाण्यांत एखाद्या ठिकाणीं गायन थांबतें, बाकीचीं वाद्यें थांबतात, आणि कांहीं क्षण केवळ ताल उरतो. यास 'ब्रेक' म्हणतात. नाचणारे तरुण नेमक्या या क्षणाची वाट पाहत असतात, असें त्याच्या ध्यानांत आलें. म्हणून त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढविल्या. एकीवरील ब्रेक संपत आला कीं दुसरीवर तोच ब्रेक सुरू करावयाचा, आणि तेवढ्यांत पहिली मागें फिरवून ठेवावयाची. क्षणाचा ताल अशा रीतीनें हवा तितका लांबवितां येऊं लागला. पुढें ग्रँडमास्टर फ्लॅश यानें तबकडीवर खुणा करून ही सांधेजोड अचूक केली. आणि १९७५ च्या सुमारास थिओडोर नांवाच्या एका लहान मुलानें सुईखालीं तबकडी हातानें पुढेंमागें घासून एक नवाच नाद काढला. ज्या यंत्राचें काम दुसऱ्याचें गाणें ऐकविणें एवढेंच होतें, तें असें स्वतःच एक वाद्य झालें.

हिपहॉप म्हणजे केवळ गाणें नव्हे. त्याचीं चार अंगें सांगतात. पहिलें तबकड्या वाजविणाऱ्याचें, त्यास 'डीजे' म्हणतात. दुसरें मायक्रोफोन हातीं घेऊन तालावर यमकबद्ध बोलणाऱ्याचें. तो 'एमसी', आणि त्याचें बोलणें तोच रॅप. आरंभीं हा एमसी डीजेचा निव्वळ भालदार होता. मंडळींना हांक द्यावी, आलेल्या मित्रांचीं नांवें घ्यावींत, एवढेंच त्याचें काम. तिसरें अंग ब्रेकच्या वेळीं जमिनीवर अंग झोंकून देणाऱ्या नर्तकांचें. चौथें भिंतींवर आणि आगगाडीच्या डब्यांवर रंगानें नांवें लिहिणाऱ्यांचें. आपल्या कलेचा पूर्वेतिहास जाणणें हें पांचवें अंग होय, असेंहि कित्येक मानतात.

आतां संगमनेरच्या फडाकडे पाहावें. अनंत फंदीचा काळ १७४४ ते १८१९. घोलप आडनांवाचा हा ब्राह्मण लावण्या व पोवाडे रचीत असे आणि तमाशा करीत असे. तमाशाची मांडणी परंपरेनें ठरलेली: आरंभीं गण, मग गवळण, बतावणी, लावण्या, पुढील काळांत त्यास वगहि जोडला गेला. ढोलकी, हलगी, झांज आणि एका तारेचें तुणतुणें, एवढ्या सामग्रीवर रात्र उजाडावयाची. खेळापूर्वीं ढोलकी आणि हलगी यांची जी चढाओढ चालते, तींत शब्द मुळींच नसतो. केवळ तालानें माणसें गोळा करावयाचीं असतात. शाहिरानें चरण टाकावा, मागें उभ्या असलेल्या झीलकऱ्यांनीं तो उचलून ध्रुपद घोळवावें, नाच्यानें तो अंगानें बोलावा, आणि सोंगाड्यानें मध्येंच एक टोला हाणून गांवच्या पाटलापासून सर्वांना हंसवावें. डीजे, एमसी आणि नर्तक यांचीं कामें येथें ओळखूं येतात. फरक सामग्रीचा आहे. आणि दोन्हीकडे ती गरिबाच्या हातीं येईल इतकीच आहे.

साम्य आणखी खोल जातें तें स्पर्धेच्या ठिकाणीं. महाराष्ट्रांत शाहिरांचे दोन पंथ होते, कलगी आणि तुरा. कलगीवाल्यांनीं शक्तीचें, प्रकृतीचें श्रेष्ठत्व सांगावें. तुरेवाल्यांनीं शिवाचें, पुरुषाचें. एकानें भेदिक रचनेंतून कोडें घालावें आणि दुसऱ्यानें त्याच चालींत, त्याच बैठकींत त्याचें उत्तर द्यावें. उत्तर न सुचल्यास हार. निवाडा ऐकणाऱ्यांचा. ब्राँक्समधील 'बॅटल' ती हीच. प्रतिस्पर्ध्याची फजीती करावयाची ती शब्दानें, यमकानें, पदन्यासानें. हातघाईवर यावयाचें नाहीं. वडील माणसांना जें भांडण वाटतें तें भांडण खरेंच आहे. मात्र तें नियमांत बसविलेलें आहे. ज्या वस्तींत कालपर्यंत सुरे निघत होते, तेथें या नियमाची किंमत केवढी, हें निराळें सांगावयास नको.

भिंतीवर नांवें लिहिण्याचा प्रकार मात्र फडांत कोठें सांपडेल? तो शोधावा नाममुद्रेंत. शाहीर शेवटच्या कडव्यांत आपलें नांव गोंवतो, आणि त्यामुळें लावणी गांवोगांव फिरली तरी तिचा धनी कोण हें कळतें. ज्यास जमीन नाहीं, वाडा नाहीं, त्याची मालमत्ता म्हणजे त्याचें नांव. आगगाडीच्या डब्यावर लिहिलेलें नांवहि असेंच शहरभर फिरत होतें. नगरपालिकेच्या दृष्टीनें ती नासधूस होती, आणि डबा ज्यास धुवावा लागे त्यास ती कला वाटण्याचें कारण नव्हतें; परंतु लिहिणाऱ्याचा हेतु नाममुद्रेहून वेगळा नव्हता. या संदर्भांत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७९ सालीं 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली आणि हिपहॉप जगाच्या बाजारांत आलें. तींत एका गायकानें ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या एमसीचे शब्द म्हटले. कॅझला त्याचें श्रेय मिळालें नाहीं. पण ते शब्द इतके जसेच्या तसे उचलले गेले होते, कीं कॅझनें त्यांत अक्षरें सुटीं करून गोंवलेलें स्वतःचें टोपणनांवहि तबकडींत राहून गेलें. चोरी उघडी पाडण्याचें काम नाममुद्रेनें केलें. पैसा मात्र तिनें मिळवून दिला नाहीं.

शाहिराचें दुसरें काम वार्ता सांगण्याचें. ११ मार्च १७९५ रोजीं जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. तिच्यावर फंदीनें पोवाडा रचला. वृत्तपत्रें नव्हतीं, तेव्हां आपल्याच मुलखांतील रणाची हकीकत लोकांनीं ऐकली ती अशा कवनांतून. १९८२ सालीं फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांच्या नांवानें 'द मेसेज' हें गीत निघालें, तेव्हां रॅपहि अशाच वळणावर आला. तोंवर मौजेचा असलेला हा प्रकार पडक्या इमारती, बेकारी आणि तुरुंग यांची हकीकत सांगूं लागला. आणि ती सांगणारे त्याच वस्त्यांतले होते.

एवढ्या साम्यावरून एक कला दुसरीपासून निघाली असें म्हणणें चुकीचें ठरेल. हर्कनें फंदीचें नांव ऐकलें असण्याचा संभव नाहीं. हिपहॉपच्या मागें आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचें संगीत आणि जमैकांतील रस्त्यांवरचे ध्वनियंत्रांचे मेळावे आहेत. तमाशामागें गोंधळ, कीर्तन आणि लळित यांची परंपरा आहे. परंतु ज्यांना सभेंत आसन नाहीं आणि छापखान्याचा दरवाजा बंद आहे, त्यांना बोलावयाचें असलें म्हणजे ते ताल धरतात, यमक जुळवितात, आणि चौकांत उभे राहतात. हें दोन्हीकडे घडलें.

आणि दोन्हीकडे प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहिला. जामखेड तालुक्यांतीलच चौंडी येथें जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनीं फंदीस तमाशा सोडण्याविषयीं बोध केला, आणि तेव्हांपासून तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंची थोरवी एवढी, कीं २०२४ सालीं जिल्ह्याचें नांवच त्यांच्या नांवावरून पडलें; तेव्हां त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण परिणाम पाहावा. कीर्तनकार आणि फटकेकार फंदी शाळेपर्यंत पोंचला. फडांतला फंदी बाहेरच राहिला. १८९१ सालीं ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाडे छापून काढले, तेव्हां विद्वानांनीं त्यांत इतिहास पाहिला. लावणीच्या वांट्याला ती दृष्टि सहजीं आली नाहीं. पुढें तमाशाचा भार महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनीं वाहिला. त्यांच्या कलेला रात्रभर दाद देणारा गांव सकाळीं त्यांना पंक्तीस घेत नव्हता. कांताबाई सातारकर यांनीं आपलें आयुष्य या फडाला वाहिलें आणि २०२१ सालीं संगमनेर येथें देह ठेवला. त्यांच्यासारख्यांच्या नांवामागें 'तमाशांतील बाई' हे शब्द कोणत्या स्वरांत उच्चारले जात, हें महाराष्ट्रांतील कोणत्याहि घराला ठाऊक आहे.

हिपहॉपला आज मान मिळाला आहे. २०१८ सालीं केंड्रिक लामार यास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें; २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ब्रेक नृत्याची स्पर्धा झाली. मुंबईच्या वस्त्यांतून उठलेल्या रॅपवर २०१९ सालीं 'गली बॉय' हा बोलपट निघाला. त्याच वर्षीं 'स्वदेसी' या मुंबईच्या संचानें, आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन, 'द वारली रिव्होल्ट' हें गीत केलें आणि त्यांत जंगल तोडण्याविरुद्ध आवाज उठविला. तारपा आणि रॅप तेथें शेजारीं उभे राहिले, आणि कोणासहि त्यांत परकेपणा वाटला नाहीं. अर्थात् या कलेंत सर्वच स्तुत्य आहे असें नव्हे. पैशाची बढाई, स्त्रियांविषयीं हीन भाषा आणि हिंसेचें कौतुक तिच्यांत भरपूर सांपडतें. तिचे जाणते उपासकहि तें नाकारीत नाहींत. वाईट रचना फेंकून देण्याचा अधिकार श्रोत्याला आहे. फडांतील श्रोत्यांनाहि तो होता, आणि ते तो निर्दयपणें वापरीत. परंतु तो ऐकल्यानंतरचा अधिकार आहे.

तेव्हां घरांतील मुलाच्या कानाचें यंत्र एकदां काढून घ्यावेंच, पण तें स्वतःच्या कानाला लावण्यासाठीं. ताल कोठून उचलला आहे, बोलणारा कोणत्या वस्तीचा आहे, त्यानें आपलें नांव कोठें गोंवलें आहे, आणि त्याचा सवाल कोणाला आहे, एवढें विचारीत ऐकावें. मुलाला अर्थ सांगावयास लावावा. तो आनंदानें सांगेल. आणि त्याच्या मोबदल्यांत त्याला संगमनेरच्या फंदीची गोष्ट सांगावी. मात्र ती फटक्यापासून न सांगतां डफापासून सांगावी.