खोलीचं तापमान, पण कुणाच्या खोलीचं?

मे महिन्यातली शनिवारची संध्याकाळ. नाशिकच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, आठ मित्रमंडळी जमली आहेत. यजमानांनी पेले लखलखीत पुसून ठेवलेत, प्रत्येकापुढे कागद-पेन्सिल आहे आणि विषयही छान निवडलाय: फक्त महाराष्ट्रातली शिराझ. दिंडोरीकडची, गंगापूर धरणाजवळची, अकलूजची. पहिला घोट घेतला जातो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. नाकात झणझणीत स्पिरिट, जिभेवर शिजवलेल्या जांभळासारखा गोडसर जडपणा. दुसरी बाटलीही तशीच, तिसरीही तशीच. ‘आपल्याकडची रेड अशीच असते हो,’ असा निकाल लागतो आणि मंडळी गप्पांकडे वळतात.

वाईनचा काहीच दोष नव्हता. बाटल्या दिवसभर बैठकीतल्या काचेच्या कपाटात उभ्या होत्या आणि त्या कपाटात पारा एकतीसवर होता.

श्रोतेहो, आजच्या दहा मिनिटांतलं बोलणं या एकतीस अंशांबद्दल आहे. घरी वाईन चाखण्याचा कार्यक्रम करणारी मंडळी आता पुण्यात, मुंबईत, नाशिकमध्ये, पणजीत पुष्कळ आहेत. पेला कसा धरायचा, फिरवून वास कसा घ्यायचा, व्हाइट आधी आणि रेड नंतर, हे त्यांना सांगावं लागत नाही. परवान्याचे आणि वयाचे नियमही ठाऊक असतात. राहून जातं ते एवढंच.

‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य पाठ असतं. पण खोली कुणाची, हे कुणी विचारत नाही. फ्रेंच भाषेत ‘शांब्र’ म्हणजे खोली, आणि त्यावरून ‘शांब्रे’ असं क्रियापद झालं: तळघरातली बाटली वर खोलीत आणून थोडी उबेला ठेवणं. तळघर बारा अंशांच्या आसपास असायचं आणि घरभर गरम हवा फिरवणारी यंत्रं येण्याआधीची ती दगडी भिंतींची खोली सोळा, फार तर अठरा अंशांची. म्हणजे ‘खोलीचं तापमान’ म्हणजे सोळा ते अठरा अंश. नाशिकच्या मे महिन्यातल्या खोलीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुण्याच्या डिसेंबरातल्या खोलीशीसुद्धा जेमतेमच आहे.

आता आंब्याकडे बघू. मराठी घरात हापूस आढीतून काढला की तसाच कापत नाहीत. आधी बादलीभर पाण्यात तास-दीड तास पडू देतात. आंब्याच्या अंगातली उष्णता निघते असं आजी म्हणायची. कारण काहीही सांगोत, पाण्यातून काढलेल्या आंब्याच्या फोडीत आंबट आणि गोड वेगवेगळं लागतं, आणि माळ्यावरच्या गरम आंब्यात नुसता गोड चिकटपणा. हे ज्ञान प्रत्येक घरात आहे. मग त्याच घरात शिराझची बाटली कपाटातून थेट पेल्यात का जाते?

गरम वाईनचं होतं ते असं. तापमान वाढलं की अल्कोहोल भराभर उडतं आणि फळाच्या वासाआधी तेच नाकाशी येतं. आंबटपणा दबतो, गोडवा पुढे येतो आणि वाईन बसकी, सैल लागते. उलट फार थंड केली तर वास मुका होतो आणि कोऱ्या चहासारखा किंवा कच्च्या सुपारीसारखा तो तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात, तो टोचायला लागतो. म्हणून फ्रिजमधून काढलेली चार-पाच अंशांची रेडही चुकीचीच. भरदार रेड सोळा ते अठरा अंशांना, हलकी रेड तेरा ते पंधराला, साधी व्हाइट आठ ते दहाला, फसफसणारी स्पार्कलिंग सहा ते आठला. हे आकडे लिहून घ्यावेत, बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

आणि हे आपल्या भागातल्या वाईनसाठी दुप्पट महत्त्वाचं आहे, ते का, हे जरा सांगायला हवं. नाशिकचा शेतकरी वेलीची दोनदा छाटणी करतो, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाळा सरला की गोडी छाटणी. युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबर तोडणी चालते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. हे सगळं कशासाठी? थंडीच्या रात्री घडाला मिळाव्यात म्हणून. उष्ण हवेत द्राक्षातला आंबटपणा झपाट्याने उतरतो आणि थंड रात्री तो टिकवून धरतात. पुढे घड शक्य तेवढे गार असताना, पहाटे तोडायचे, रस स्टीलच्या टाक्यांत घालायचा आणि टाकीभोवती गार पाणी खेळवत व्हाइट वाईन बारा ते सोळा अंशांच्या आसपास आंबवायची. २००० साली सुला व्हाइनयार्ड्सनं आपली पहिली सॉव्हिन्यो ब्लां आणि शनँ ब्लां बाजारात आणली, तेव्हापासून नाशिकची व्हाइट उभी आहे ती या गारव्याच्या जिवावर. छाटणीपासून बाटलीपर्यंत इतक्या हातांनी जपत आणलेली ही थंडी शेवटच्या चार तासांत, काचेच्या कपाटात, घरमालकाच्या हातून जाते. याचं वाईट वाटतं. मनापासून वाईट वाटतं.

उपाय बादलीचाच आहे. आंब्याचीच बादली घ्यावी, प्लास्टिकची असली तरी चालते. अर्धी बर्फानं आणि मग पाण्यानं भरावी. पाणी विसरू नये! नुसत्या बर्फात बाटली खुपसली तर खड्यांच्या फटींत हवा राहते आणि हवा गारवा नीट पोचवत नाही. पाणी बाटलीच्या अंगाला सगळीकडून लागतं. आंबाही आपण बर्फावर ठेवत नाही, पाण्यात बुडवतो. कपाटातली रेड पंधरा-वीस मिनिटांत जागेवर येते, व्हाइटला अर्धा तास लागतो. बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे, नाहीतर पहिला पेला गरम आणि शेवटचा गार. स्वयंपाकघरात वापरायचा साधा थर्मामीटर पेल्यात बुडवून बघावा. आणि हवं त्यापेक्षा दोन-तीन अंश गारच ओतावी, कारण पेल्यात आल्यावर आपल्या हवेत ती आपोआप वर चढते.

एखाद्याला अजून पटत नसेल, तर विषय म्हणून हेच ठेवावं. एकाच शिराझच्या तीन बाटल्या घ्याव्यात, एकाच साठ्यातल्या, एकाच वर्षाच्या. एक कपाटातली, एक बादलीतून सोळा अंशांवर आणलेली, एक दुपारपासून फ्रिजमध्ये ठेवलेली. तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून, क, ख, ग अशी अक्षरं घालायची. पाहुण्यांना सांगायचं, तीन वाईन आहेत, ओळखा. मंडळी पेले हातात घेतील तेव्हा गार पेल्यावर दव जमेल आणि गुपित फुटेल, म्हणून ओतण्याचं काम आत स्वयंपाकघरात करावं आणि पेले देठाला धरून, नॅपकिन गुंडाळून बाहेर आणावेत. घोट घेतल्यावर गारवा कळतोच, पण एकाच वाईनची तीन रूपं आहेत हे चटकन लक्षात येत नाही. कागदावर ‘क’समोर काय लिहिलं गेलं आणि ‘ख’समोर काय, हे मग सगळ्यांनी मोठ्यानं वाचावं.

आठ जणांना प्रत्येकी पन्नास मिलिलिटर म्हणजे चारशे झाले. साडेसातशेची बाटली निम्म्याहून जास्त जाते, उरलेली जेवणाबरोबर. त्याहून जास्त ओतू नये. चाखायचं आहे. एक रिकामं भांडं टेबलावर हवं, घोट थुंकायला. जुन्या वाड्यांत पिकदाणी असायचीच, तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाहुण्यांनी घरी जाताना गाडी चालवू नये, रिक्षा करावी.

विषय निवडण्यातही आंबाच मदतीला येतो. देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस शेजारी ठेवला तर काहीतरी कळतं. हापूस, पायरी, तोतापुरी आणि कलिंगड एका ताटात ठेवले तर पोट भरतं, कळत काही नाही. विषय जितका अरुंद तितका चांगला. १९७६ सालच्या २४ मे रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज वाईन व्यापाऱ्यानं हेच केलं. कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या शार्दोने, मग कॅलिफोर्नियाच्या कॅबर्ने आणि बोर्दोच्या रेड, नावं झाकून, नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. व्हाइटमध्ये शातो माँटेलीना पहिली आली आणि रेडमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही १९७३ च्या. नावं उघडी असती तर असा निकाल लागला असता का? डोळे किती फसवतात, याचा तर प्रयोगच झालाय. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन लाल रंग घालून दिली, तर वासाचं वर्णन करताना त्यांनी रेडचे शब्द वापरले. यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण काटा पुढे सरकतोय.

दोन गोष्टी घाईत सांगायला हव्यात. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, आणि फोडणी पाहुणे यायच्या तासभर आधी संपलेली हवी. मोगऱ्यापुढे शनँ ब्लां टिकत नाही. तोंड साफ करायला पाव किंवा कोरडे कुरमुरे पुरेत. शेव, चिवडा, ठेचा नंतर, कारण मिरचीची आग अल्कोहोलनं भडकते आणि मग...

शनँचा एक विषय सुचवायचा राहिला. नाशिकच्या दोन बाटल्या आणि जमली तर दक्षिण आफ्रिकेची एक. जगात सर्वांत जास्त शनँ तिथेच लावलेली आहे, त्यांच्याकडे जुनं नाव स्टीन. फ्रान्सच्या लवार खोऱ्यातली मिळाली तर उत्तमच. आठ ते दहा अंश. परत सांगणं भाग आहे, आठ ते दहा, आणि रेड सोळा ते अठरा. बैठकीतल्या कपाटातून थेट पेल्यात नाही.

बर्फाचे ट्रे आज रात्रीच भरून ठेवावेत. मोठ्या बादलीला घरचे दोन ट्रे पुरत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाची पिशवी आणावी लागते, तीही दुपारीच, कारण शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास दुकानदार हात हलवून ‘संपला’ म्हणतो.