बाळंतिणीचे मन आणि मेंदूचा लगाम



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बाळंतिणीच्या मनाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, केंद्र सरकारचे नोकर. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु गोहलपुरात संसार मांडलेल्या आपल्या लेकीसुनांना बाळंतपणासाठी दूरच्या माहेरी जाणे साधतेच असे नाही. बारशाच्या गडबडीत बाळाला सारे पाहतात. आई गप्प का, हे विचारायचे राहून जाते.

नैराश्यावरील औषधांच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून निघतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. पुढे या वनस्पतीतील रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी जडलेली आढळली. त्याने मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा घटतो, असेही दिसले. ही द्रव्ये उणी पडली की नैराश्य येते, या अनुमानाला त्यामुळे बळ मिळाले आणि अनेक दशके औषधे त्याच वाटेने शोधली गेली. ती आजही कित्येकांना तारतात. मात्र गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि काहींना तो येतही नाही.

म्हणून काही संशोधक मेंदूच्या लगामाकडे वळले. मेंदूतील पेशी एकमेकींना चेतवतात, तशा आवरतातही. आवरण्याचे मुख्य काम 'गाबा' हे द्रव्य करते. पेशीवरील 'गाबा-ए' या ग्राहकाला ते भिडले की त्याचे दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. गर्भारपणात शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य वाढते व या लगामाला बळ देते. प्रसूतीनंतर ते एकाएकी ओसरते. काही स्त्रियांचा मेंदू या बदलाशी जुळवून घेऊ शकत नसावा, असा तर्क आहे.

याच द्रव्यापासून केलेले ब्रेक्झॅनोलोन मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मान्य झाले. ते शिरेतून साठ तास द्यावे लागे. ऑगस्ट २०२३ मध्ये झुरानोलोन ही तोंडाने घ्यायची कॅप्सूल मान्य झाली. ती चौदा दिवस रोज संध्याकाळी घ्यायची. चाचण्यांत काही दिवसांतच फरक दिसला. मात्र तिने गुंगी येते, आणि इतर नैराश्यासाठी तिला तेव्हा मान्यता मिळाली नाही. झोपेच्या अनेक जुन्या गोळ्याही याच ग्राहकावर चालतात. पण त्या नैराश्य बरे करीत नाहीत, आणि त्यांची सवय जडते. तेव्हा घरातली गोळी परस्पर कोणी देऊ नये.

या संशोधनातून आपण घ्यायचा बोध सोपा आहे. बाळंतिणीच्या उदासीमागे शरीरातील कारणे असू शकतात; तिला आळस वा नाटक म्हणणे अन्याय होय. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळ निजले तरी झोप येत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली, तर क्षणभरही थांबू नये व तिला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.

मंडळाच्या भगिनींना आमची एकच विनंती आहे. पहिल्या सव्वा महिन्यात प्रत्येक बाळंतिणीकडे कोणीतरी जावे, बाळाला पाहण्याआधी तिच्याजवळ बसावे आणि तिचे ऐकावे. माहेर दूर आहे. ते थोडे जवळ आणणे आपल्या हाती आहे.