जांबची पाच एकरं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख 'संगणक सोडून शेतीत रमलेली' अशी करून दिली गेली. संगणक सुटलेला नाही, नोकरी पुण्यातच चालू आहे. जांब समर्थची आमची जमीन पुन्हा उभी करतायत ते दादा आणि त्याहून जास्त वहिनी.

जांब म्हटलं की लोकांना समर्थांचं जन्मस्थान आणि रामनवमी आठवते. आमच्या घराला आठवतो २०१२-१३ चा दुष्काळ. जालना जिल्ह्यात तेव्हा मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावून सरपण केलं. त्यात आमचीही गेली. दादा कामासाठी जालन्याला गेला, जमीन बटईनं दिली. बांध फुटले, वेड्या बाभळी माजल्या, माळवदाचा एक कोपरा खचला. विकायचं जवळजवळ ठरलं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोघं गावी परतले आणि वहिनी म्हणाल्या, "एक पावसाळा बघू."

बागेच्या आधी त्यांनी पाणी धरलं. त्या कडवंची पाहून आल्या. जालना तालुक्यातल्या या गावात १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली, आणि २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. पाच एकरांत माथा कुठून आणणार? तरी उताराला आडवे बांध घातले, वरच्या कडेला चर खणला, खालच्या कोपऱ्यात तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं केलं.

माझं काम म्हणजे थोडे पैसे आणि एक हिशेब. तळ्यात पाणी मावतं सुमारे बावीस लाख लिटर. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज शंभर लिटर धरले, एकरी एकशे दहा झाडं, तर दोन एकरांना शंभर दिवस. उन्हानं उडेल ते वेगळंच. दादाला पाचही एकर मोसंबी हवी होती. वहिनींनी रंगपूर खुंटावरची कलमं दोनच एकरांत लावली, बाकी तूर-सोयाबीन. विहीर उपसून तळं भरायचं नाही, हा नियमही त्यांचाच. आमच्या भागात सर्रास तसं भरतात; माझ्या मते ते पाणी साठवणं नव्हे, शेजाऱ्याचं पळवणं आहे.

आता अवघड भाग. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि माझं नाव लागलं. नातेवाईक मला हक्कसोडपत्राचं विचारू लागले. मी म्हटलं, सही करते, पण आधी दादाच्या हिश्श्यात वहिनींचं नाव लागू द्या. लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ ची, आपण आठवीत होतो तेव्हाची. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. दादा चार महिने माझ्याशी धड बोलला नाही. शेवटी आईच त्याला म्हणाली, "माझं नाव तुझे वडील गेल्यावर लागलं. तिचं तू असताना लागू दे."

दिवाळीनंतर त्यानं अर्ज दिला. फेरफार व्हायचाय, माझी सहीही तोवर थांबलीय.

बाग चौथ्या वर्षात आहे. यंदा थोडी फुलं आली, ती वहिनींनी खुडून टाकली. झाडं अजून लहान आहेत म्हणाल्या. पुढच्या वर्षी आंबे बहार धरायचा विचार आहे. रामनवमीला जांबला आलात तर घरी या. फक्त माळवदाच्या खचलेल्या कोपऱ्याखाली बसू नका, त्याचा नंबर अजून लागलेला नाही.