स्वस्त वीज आणि देशी धातू

लोखंड दगडी कोळशाच्या बळावर निघते. ॲल्युमिनियम मात्र विजेवाचून हाती येत नाही. एका टनास सुमारे १४,००० युनिट वीज लागते. म्हणून विजेचा दर चढला की धातूचा उत्पादनखर्चही चढतो.

बेळगावचे उदाहरण बोलके आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइटपासून तेथे १९६९ पासून ॲल्युमिना तयार होऊ लागला. त्यापासून धातू काढण्याचा कारखानाही तेथे चालला. परंतु विजेची टंचाई व वाढते दर यांपुढे तो टिकला नाही. ॲल्युमिनाचे काम तेवढे चालू राहिले. उलट, रिहंद धरणाच्या विजेवर १९६२ साली सुरू झालेल्या रेणुकूटच्या कारखान्याने पुढे रेणुसागर येथे कोळशापासून स्वतःची वीज निर्माण केली व तो तगला.

खाण घरची, कामगार घरचे. तरी वीज परवडली नाही, तर धातू परक्या गावी तयार होतो.