एका ओळीची आज्ञा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय वरकरणी रूक्ष वाटेल. संगणकावर मजकूर लिहिण्याचे साधन, ज्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात, ते टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन कसे उघडावे, एवढाच तो आहे. परंतु आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

माऊसने चित्रावर टिचकी मारणे सोपे खरे. पण ते शिकविणारा शेजारी बसलेला असावा लागतो. “वर पाहा, तेथे नाही, त्याच्या खाली,” असे दूरध्वनीवरून किती वेळ सांगणार? आज्ञा मात्र वहीत उतरून घेता येते. शहरातील काकांनी ती अक्षरशः सांगावी आणि गावातील पुतण्याने तशीच टंकावी. ज्याच्याजवळ शिकविणारा नाही, त्याला हा केवढा आधार आहे!

लिनक्समधील जीएडिटचे उदाहरण घेऊ. हा एडिटर १९९९ पासून प्रचारात आहे. ग्नोम डेस्कटॉपमधील त्याचे स्थान २०२२ मध्ये दुसऱ्या एडिटरने घेतले, तरी तो स्वतंत्रपणे बसविता येतो. रोमन अक्षरांत त्याचे नाव, मग मोकळी जागा, मग फाइलचे नाव टंकून एंटर दाबावे, फाइल उघडते. तशी फाइल नसेल तर कोरे पान येते व मजकूर जतन करताच ती निर्माण होते. दोन नावांच्या मध्ये अधिकचे चिन्ह व त्याला जोडून १२ हा आकडा लिहिल्यास थेट बारावी ओळ समोर येते.

तीन गोष्टी ध्यानी धराव्यात. फाइलच्या नावात मोकळी जागा असल्यास सर्व नाव अवतरणचिन्हांत घालावे. नाहीतर एका नावाच्या दोन फाइली मानल्या जातात. दुसरे असे की, एडिटर चालू असेपर्यंत टर्मिनल बहुधा अडून राहते; आज्ञेच्या शेवटी & हे चिन्ह दिल्यास ते पुढील कामास मोकळे होते. तिसरे म्हणजे, मजकूर जतन केल्यावाचून टर्मिनल बंद करू नये. त्याबरोबर एडिटरही मिटण्याचा संभव असतो.

विंडोज वापरणाऱ्या कुटुंबांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅडचे व फाइलचे नाव याच रीतीने लिहून पाहावे. तेथे ते & चिन्ह लागत नाही.

माझी विनंती एवढीच की, प्रत्येक घरी अशा आज्ञांची एक वही असावी. थोरांनी धाकट्यांना, आणि धाकट्यांनी संकोच न धरता थोरांना, त्यातील एकेक ओळ शिकवावी. लिहून ठेवलेली विद्या एका माणसाच्या हजेरीवर अवलंबून राहत नाही.